व्हीलमधला मुका एच म्हणजे चाकातला च

शब्दवेडी

लेकीनं स्पेलिंगच्या चाचणीत व्हील हा शब्द डब्ल्यू, ई, ई, एल असा लिहिला. एक मार्क गेला. घरी येऊन तिचा सवाल: "एच बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?" मी नेहमीचं उत्तर दिलं, इंग्रजी असंच आहे, पाठ कर. ती पाठ करून झोपली. मला मात्र झोप येईना, म्हणून कोश काढून बसले. आता जे सापडलंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

उलट्या पावलांनी निघू. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ह्वेओल' असा होता. लिहितानाही एच आधी आणि व नंतर, बोलतानाही तसंच. व्हॉट, व्हेन, व्हाय यांचीही तीच गोष्ट. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. सीएच, टीएच, एसएच अशा जोड्यांमध्ये एच दुसरा बसवायची रीत रुळली, त्या ओघात एचडब्ल्यूचंही डब्ल्यूएच झालं. पुढे बोलताना ह विरत गेला, कागदावर राहिला. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेत काही लोक अजून तो ह उच्चारतात. जुन्या स्कॉट लिखाणात तर तिथे क्यू, यू, एच अशी तीन अक्षरं असायची. आपल्याला जिथे जायचंय त्याची खूण त्या क्यूमध्ये आहे.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंची जी सामायिक आई, तिला जर्मानिक म्हणतात. तिच्यात लिहिलेलं फारसं काही हाती लागत नाही, पण लेकींवरून आईचा चेहरा बांधता येतो. असा बांधलेला शब्द म्हणजे *ह्वेह्वलाझ. (पुढची चांदणी म्हणजे 'हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही, तर्कानं उभा केला आहे'. ही चांदणी या विषयातली सगळ्यात प्रामाणिक खूण आहे असं माझं मत.)

आता आणखी मागे, जर्मानिक, संस्कृत, लॅटिन, ग्रीक या सगळ्यांच्या सामायिक आजीकडे. तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात, आणि खाली 'मूळ' म्हणेन ते तिचंच. डेन्मार्कच्या रास्कनं १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये एक गोष्ट दाखवली. परीकथा गोळा करणारा ग्रिम तो हाच. जर्मानिक भाषांत मूळ प चा फ झाला, त चा थ झाला, क चा ह झाला. पितृ आणि फादर. त्रि आणि थ्री. लॅटिनमध्ये शिंग म्हणजे 'कोर्नू', इंग्रजीत हॉर्न. हे एखाद-दुसऱ्या शब्दात नाही, शेकडो शब्दांत, आणि रांगेत. मग 'ह्व' च्या जागी काय असणार? 'क्व'. संस्कृत 'कतरः', म्हणजे दोघांपैकी कोणता, याचा सख्खा भाऊ इंग्रजी 'व्हेदर' आहे. 'कः' चा भाऊ 'हू'.

तर *ह्वेह्वलाझ च्या मागे उभा आहे *क्वेक्व्लोस. 'क्वेल' हा धातू, अर्थ फिरणं, वळणं. त्याचं पहिलं अक्षर दोनदा म्हणून केलेला शब्द. गरगर, भिरभिर म्हणताना आपण जे करतो तेच. फिर-फिर-णारं ते.

त्याच शब्दाची दुसरी वाट पूर्वेला आली. पहिल्या क्व चा झाला च, दुसऱ्याचा क, ल चा र. चक्र. प्राकृतात चक्क. मराठीत चाक. कर्म-कम्म-काम, सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, तसंच चक्र-चक्क-चाक.

म्हणजे लेकीनं गाळलेला एच हा आपल्या चाकातला च आहे! अजून एक गंमत बघा. इंग्रजीनं शेवटचा ल जपला आणि मधला क्व पार गिळून टाकला. मराठीनं मधला क जपला आणि शेवटचा र गिळला. दोन भावांनी वडिलांच्या वस्तू वाटून घ्याव्यात तसं झालंय.

अर्धविराम

रोचक! एक शंका. मराठीत आपण 'व्हील' लिहितो तेव्हा ह लिहितोच की. मग आपण इंग्रजांपेक्षा जास्त जुने का?

शब्दवेडी

नाही हो, तो योगायोग. आपण व्हॅन, व्होट, व्हायोलिन हेही व्ह नंच लिहितो, आणि त्या इंग्रजी शब्दांत एच नावालाही नाही. तो आपला लेखनाचा संकेत. पण प्रश्न आवडला, कारण या विषयात अशी फसवी अक्षरं पावलोपावली भेटतात. इंग्रजीतही आहेत. 'होल', म्हणजे संपूर्ण, या शब्दात आधी डब्ल्यू नव्हताच, मागाहून उगाच चिकटवला गेला. त्याचे नातेवाईक हेल आणि हील, तिथे डब्ल्यू नाही. त्यामुळे लेकीला 'मुकं अक्षर म्हणजे जुना उच्चार' असा सरसकट नियमही सांगता येत नाही.

गाडीवान

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? व्हील म्हणजे वलय. उच्चार जवळजवळ तोच, अर्थही गोल. सरळ संस्कृतमधून गेलेला शब्द आहे. मधले जर्मानिक आणि चांदण्या लावलेले शब्द हे युरोपीय पंडितांनी आपलं श्रेय नाकारायला उभे केलेले आहेत. आपण लगेच माना डोलावतो याचं वाईट वाटतं.

उंटावरून

गाडीवानदादा, राग मानू नका, पण उच्चार जवळचा असणं हाच या विषयातला सगळ्यात मोठा चकवा आहे.

इंग्रजी 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे', दोन्हींचा अर्थ जवळ असणं. दिसायला जुळे. पण नातं शून्य. कारण क चा ह होतो हा नियम लावला तर हॅव चा भाऊ लॅटिनमध्ये क नं सुरू व्हायला हवा, आणि तो आहेही: 'कापेरे', पकडणं. ज्यावरून कॅप्चर आला. फारसीत वाईट म्हणजे 'बद', इंग्रजीत 'बॅड'. संबंध नाही. ग्रीक 'थेओस' आणि लॅटिन 'देउस', दोन्ही म्हणजे देव, संबंध नाही. आणि कहर म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम नावाच्या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजांकडून घेतलेला शब्द नव्हे, त्यांचा स्वतःचा.

याउलट खरे भाऊ एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. व्हील आणि चाक यांच्यात एकही ध्वनी सारखा नाही. तरी प्रत्येक फरकाचा हिशेब लागतो, आणि तोच हिशेब इतर शब्दांतही लागतो. पुरावा तिथे आहे.

आणि वलयाला इंग्रजीत नातलग आहेत बरं. वल् म्हणजे वळणं, वेढणं. लॅटिनमध्ये 'व्होल्वेरे', त्यावरून रिव्हॉल्व्ह, इव्होल्यूशन, आणि व्हॉल्यूम सुद्धा, कारण जुनी पुस्तकं गुंडाळीची असत. 'व्होल्वो' या मोटारींच्या नावाचा लॅटिन अर्थच 'मी फिरतो' असा आहे. तेव्हा तुमचं वलय गाडीला लागलं, फक्त चाकाला नाही.

मितभाषी

+१. व्होल्वो माहीत नव्हतं.

गाडीवान

ठीक आहे, वलय सोडतो. पण मग *क्वेक्व्लोस कशाला हवा? चक्र हाच मूळ शब्द धरा. च चा पुढे क, ह, व जे काय व्हायचं ते होऊ दे. जो शब्द ऋग्वेदात प्रत्यक्ष आहे तो सोडून न सापडलेला शब्द मूळ कसा?

शब्दवेडी

हा प्रश्न येणार असं वाटलंच होतं, कारण मलाही रात्री दोन वाजता तोच पडला. आणि याचं उत्तर बाहेर कुठे नाही, 'चक्र' या शब्दाच्या पोटात आहे.

शब्द अक्षर दुहेरी करून बनला आहे, हे तुम्हालाही मान्य असेल. मग दोन अक्षरं वेगळी का? 'चच्र' नाही, 'कक्र' नाही, 'चक्र' का? संस्कृतात हे सगळीकडे आहे. कृ धातूचं 'चकार', गम् चं 'जगाम'. दुहेरी करताना पहिला क कायम च होतो, ग चा ज होतो. पाणिनीनं हा नियम नोंदवला आहे. पण तसं का होतं, याचं कारण संस्कृताच्या आत बसून दिसत नाही.

आता शेजारी लॅटिन ठेवा. संस्कृत 'च', म्हणजे आणि. लॅटिन 'क्वे'. संस्कृत 'पञ्च', लॅटिन 'क्वीन्क्वे'. पण संस्कृत 'कद्', लॅटिन 'क्वोद'. बघितलंत? लॅटिनमध्ये जिथे ए आहे तिथे आपल्याकडे च, जिथे ओ आहे तिथे आपल्याकडे क. संस्कृतात मात्र दोन्हीकडे नुसता अ. म्हणजे संस्कृताच्या पूर्वजाकडेही कधीकाळी ए आणि ओ वेगवेगळे होते. ए नं आपल्या आधीच्या क ला च करून टाकलं, आणि मग ए आणि ओ दोघेही अ मध्ये मिसळून गेले. चोर पळाला, पावलं राहिली.

*क्वे-क्व्लोस: पहिल्या क्व पुढे ए, म्हणून च. दुसऱ्यापुढे ल, म्हणून क. आणि 'चकार', 'जगाम' मध्येही दुहेरी केलेल्या अक्षरात तोच ए लपलेला.

मूळ चक्र धरलं तर युरोपातल्या लोकांना संस्कृतातला कोणता अ ए करायचा आणि कोणता ओ, हे च आणि क बघून ठरवावं लागलं असतं, आणि मग तो च मिटवून पुन्हा क्व करावा लागला असता. एवढा उपद्व्याप कोण करेल?

हे कोडं १८७० च्या दशकात सुटलं, आणि तेही चार-पाच जणांना जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे. तोवर युरोपीय पंडित अगदी तुमच्यासारखंच मानत होते की संस्कृताचे स्वर हेच मूळ स्वर. तेव्हा श्रेय नाकारायचा डाव वगैरे नाही. उलट आधी त्यांनी संस्कृताला जरा जास्तच श्रेय दिलं होतं.

उंटावरून

याला जोडून. श्लायखर नावाच्या जर्मन पंडितानं १८६८ मध्ये त्या पुनर्रचित मूळ भाषेत एक छोटी गोष्टच लिहिली, मेंढी आणि घोड्यांची. शीर्षक: 'अविस अक्वासस क'. शेवटचा 'क' म्हणजे आपला 'च', आणि. बघा, सगळीकडे अ-अ-अ, संस्कृतचा भास. १९३९ मध्ये हिर्टनं तीच गोष्ट नव्यानं लिहिली तेव्हा तो 'क' झाला 'क्वे'. पुढेही दर थोड्या वर्षांनी कुणीतरी ती नव्यानं लिहीत असतं. मेंढी आणि घोडे तेच, व्याकरण नवं.

अजून एक. ग्रीकमध्ये 'आणि' साठी 'ते' येतो. क्वे चा ते, हे अनेकांना ओढूनताणून वाटायचं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसनं लिनिअर बी ही साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची लिपी उलगडली. आत ग्रीकच निघाली, आणि तिथे 'आणि' साठी चक्क 'क्वे' लिहिलेला. चांदणीवाला ध्वनी मातीच्या पाटीवर हाती आला.

मितभाषी

ए मुळे क चा च होतो हे जरा सोपं करून सांगाल का? स्वर मागच्या व्यंजनाला कसा बदलवेल?

शब्दवेडी

'चिंच' म्हणून बघा. मोठ्यानं. पहिला च आणि दुसरा च सारखे आहेत का? पहिला टाळूवरचा, दुसरा दातांमागचा. इ समोर जीभ वर पुढे सरकते, तयारी आधीपासून करते, म्हणून तिथे टाळूचा च. आपण हे न शिकता रोज करतो.

इटालियनमध्ये लॅटिन 'केंतुम' चा 'चेंतो' झाला, तेच कारण. इंग्रजीतही क चा च होऊनच चीज, चिन, चर्च झाले. उत्तरेकडे स्कँडिनेव्हियन लोकांच्या संगतीत चर्चचा 'कर्क' राहिला.

आणि आता 'चाक' म्हणा, मग 'चक्र' म्हणा. चाकातला च दातांचा, चक्रातला टाळूचा. चाक प्राकृतातून झिजत घरी आलं, चक्र पोथीतून उचलून आणलं, हे आपली जीभच सांगते. क्व-क-च-त्स, असा त्या एका ध्वनीचा प्रवास आपल्या तोंडात येऊन थांबलाय. किंवा थांबलाही नसेल.

गाडीवान

चिंचेनं विचारात पाडलं. 'कश्चित्' हा शब्द आठवला. कः आणि चित्, एकाच शब्दात क आणि च. कः मागे ओ असणार आणि चित् मागे इ?

शब्दवेडी

अगदी बरोबर! *क्वोस आणि *क्विद. लॅटिनमध्ये 'क्विद' तसाच्या तसा आहे. हे उदाहरण मला सुचलं नव्हतं, दादा.

गाडीवान

मग माझ्याकडून एक ऋचा घ्या. पहिलं मंडल, १६४ वं सूक्त, दुसरी ऋचा. लहानपणी पाठ झालेली, आज तुमच्या धाग्यामुळे वेगळीच ऐकू आली.

सप्त युञ्जन्ति रथमेकचक्रमेको अश्वो वहति सप्तनामा।
त्रिनाभि चक्रमजरमनर्वं यत्रेमा विश्वा भुवनाधि तस्थुः॥

एका चाकाच्या रथाला सात जण जुंपतात, सात नावांचा एक घोडा तो ओढतो. तीन नाभींचं ते चक्र न झिजणारं, अडवता न येणारं, ज्यावर ही सगळी भुवनं उभी आहेत. सप्त आणि सेव्हन, नाम आणि नेम हे मला कळतं. यातलं अजून काय काय तिकडे आहे?

उंटावरून

अहो, हा खजिना आहे. युञ्जन्ति: इंग्रजी योक, लॅटिन 'युगुम', आपलं जू. रथ: लॅटिन 'रोता', म्हणजे चाक, ज्यावरून रोटेट, रोटरी, रोटर. म्हणजे रोमनांचं चाक हा आपला रथ! चाकांचा तो रथ, असा अर्थ आपल्याकडे पुढे सरकला. चक्र: व्हील. अश्व: लॅटिन 'एक्वुस'. वहति: वॅगन, वे म्हणजे वाट, आणि लॅटिनमार्गे व्हेइकल. त्रि: थ्री. नाभि: नेव्हल म्हणजे बेंबी, आणि 'नेव्ह' म्हणजे चाकाचा मधला भाग. इंग्रजांनीही बेंबी आणि चाकाचं केंद्र एकाच कुळातल्या शब्दांनी सांगितलं. तस्थुः: स्टँड.

दोन ओळींत अख्खी गाडी.

नांगरट

धागा छान चाललाय, पण थोडं पाणी घालतो. शब्द जुळला म्हणून ती वस्तू त्या लोकांकडे होती असं सिद्ध होतं का? 'फिर-फिर-णारं' हा शब्द कशालाही लागू शकतो. लिथुएनियनमध्ये 'काक्लास' हा शब्द याच कुळातला मानतात, आणि त्याचा अर्थ चाक नाही, मान! मान वळते म्हणून. मग मूळ लोकांकडे नुसती मान होती आणि पुढे प्रत्येकानं आपापल्या चाकाला स्वतंत्रपणे तोच शब्द लावला, असं का नसेल? आणि प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती भाषेत, जी या कुळातली सगळ्यात आधी लिहिली गेलेली, चाकाला 'हुर्की' म्हणतात. तिथे *क्वेक्व्लोस नाही.

शब्दवेडी

आक्षेप खरा आहे आणि तज्ज्ञही त्यावर भांडतात. माझा कौल कुठे ते सांगते.

फिरणाऱ्या वस्तूला फिरण्यावरून नाव देणं सोपं आहे, मान्य. पण ते द्यायचे शंभर मार्ग आहेत. नुसतं फिरकं म्हणा, फिरणं म्हणा. पहिलं अक्षर दुहेरी करून, मधला स्वर पाडून, शेवटी ओ लावून, असा अवघड घाट सगळ्यांनी आपापला घातला? पश्चिमेला जर्मानिकमध्ये चाक, दक्षिणेला ग्रीक 'कुक्लोस' म्हणजे वर्तुळ आणि चाकही, आपल्याकडे चक्र, इराणी अवेस्तात 'चख्र', आणि पार पश्चिम चीनमधल्या तारिमच्या वाळवंटात सापडलेल्या तोखारी पोथ्यांत 'कोकले' म्हणजे गाडी. इतक्या दूरदूरच्या टोकांना तोच घाट आणि तोच अर्थ. मानेचा अर्थ एका कोपऱ्यात.

हित्तीचं मात्र तुमचं बरोबर. त्याचा सरळ अर्थ असा घेतात की हित्तीची शाखा चाक यायच्या आधीच वेगळी झाली असावी. आणि जू, आस हे शब्द चाकाआधीचेही असू शकतात, जू तर नांगरालाही लागतं. त्यामुळे एकेका शब्दावर मी पैज लावणार नाही. सगळी गाडी एकत्र बघितली तर लावेन.

उंटावरून

वस्तूंची बाजू. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे एक मडकं सापडलं, त्यावर चार चाकांच्या गाडीसारखं चित्र कोरलेलं आहे. काळ इसवी सनपूर्व ३५०० च्या आसपास. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत २००२ मध्ये प्रत्यक्ष लाकडी चाक मिळालं, पाच हजार वर्षांहून जुनं. चाक ॲश झाडाचं, आस ओकचा, आणि आस चाकाबरोबर फिरणारा. ही सगळी भरीव चाकं. आऱ्यांची हलकी चाकं आणि दोन चाकी रथ पुढे, इसवी सनपूर्व २००० च्या सुमाराला उरलच्या दक्षिणेला सिंताश्ता इथल्या दफनांमध्ये.

म्हणजे चाकाला शब्द असणारी भाषा चाकाच्या फार आधी फुटलेली असू शकत नाही. पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्र्यू यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं की या भाषा शेतीबरोबर तुर्कस्तानातून पसरल्या, म्हणजे चाकाच्या हजारो वर्षं आधी. त्या मांडणीच्या पायात हे चाकच अडकलं.

कोरीपाटी

म्हणजे आपण बाहेरून आलो असंच ना शेवटी? आता होऊन जाऊ द्या.

शब्दवेडी

नको. भाषा कशी आली आणि माणसं कुठून आली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्यावर इथे आधीच पुरेशी डोकी फुटली आहेत. हा धागा चाकाचा आहे, चाकावरच राहू द्या.

वाटसरू

उशिरा आलो. कुणीच बोललं नाही म्हणून: सायकल!

ग्रीक 'कुक्लोस' लॅटिनमध्ये 'सिक्लुस' झाला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत सायकल. १८६० च्या दशकात दोन चाकांचं वाहन आलं तेव्हा लॅटिन 'बि' जोडून बायसिकल केलं. आपण 'बाय' टाकून दिला. तेव्हा 'सायकलचं चाक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो! एक ग्रीस-रोम-पॅरिस-लंडन करून आलेला, दुसरा प्राकृतातून घरी झिजलेला.

आणि तिसराही आहे. अवेस्ताचा 'चख्र' पुढे फारसीत उलटापालट होऊन 'चर्ख' झाला. त्यावरून आपला चरखा, आणि रस काढायचा चरक. चौथा, पोथीतला चक्र. तो आता योगाच्या वर्गांतून इंग्रजीतही पोचलाय, म्हणजे इंग्रजीकडे व्हील, सायकल आणि चक्र, तिघेही नांदतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

सायक्लोनही याच घरातला. हा शब्द १८४० च्या दशकात कोलकात्यात हेन्री पिडिंग्टननं घडवला. वादळाचा वारा वेटोळं घालतो, म्हणून ग्रीक शब्दावरून. गंमत अशी की त्याच शहरात, २ फेब्रुवारी १७८६ ला, विल्यम जोन्सनं आपल्या भाषणात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच, कदाचित आता नष्ट झालेल्या उगमातून आल्या असाव्यात.

अर्धविराम

'कल्चर' पण याच 'क्वेल' चा ना? कुठेतरी वाचलं होतं.

वाटसरू

हो. लॅटिन 'कोलेरे', म्हणजे एखाद्या जागी वावरणं, जमीन कसणं. त्यावरून कल्चर आणि कॉलनी. आपल्याकडे त्याच धातूचा चर्: चरति, आचार, चारित्र्य, आणि गुरांचं चरणं. ग्रीकमध्ये 'पोलोस' म्हणजे फिरण्याचा आस, त्यावरून पृथ्वीचे पोल. कॉलनी आणि चरणं एका धातूची, यावर जास्त बोलत नाही.

नांगरट

बोललातच की.

मी आपला मराठीतलं सांगतो. अक्ष चा 'आस', पृथ्वीचा आस म्हणतो तो. इंग्रजी ॲक्सल आणि ॲक्सिस त्याचे भाऊ. युग चं 'जू'. आणि मला सगळ्यात आवडतो तो चाकोरी. गाडीच्या चाकानं वाटेत पडलेली खोल रेघ. 'चाकोरीबाहेरचा' म्हणताना आता चाक कुणालाच दिसत नाही, पण ज्यानं कधी पावसाळ्यानंतर वाळलेल्या चाकोरीतून गाडी वर काढलीय त्याला तो शब्द पाठीच्या कण्यात कळतो.

मितभाषी

इंग्रजी शब्दातला मधला क्व नेमका गेला कुठे? तेवढं राहिलं. पहिल्याचा ह झाला, तर दुसऱ्याचाही ह व्हायला हवा.

शब्दवेडी

मितभाषी, तुम्ही कमी बोलता पण नेमकं बोट ठेवता. ग्रिमच्या नियमाला असे बरेच अपवाद होते आणि पन्नासएक वर्षं कुणालाच कारण कळेना. ते डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरनं शोधलं, आणि किल्ली होती वैदिक स्वरांकनात. मूळ शब्दात आघात त्या व्यंजनाच्या आधीच्या स्वरावर असेल तर क चा ह होतो. आघात नंतर असेल तर ग च्या वळणाचा मऊ ध्वनी होतो.

वेदात चक्र या शब्दाचा उदात्त, म्हणजे आघात, कुठे आहे? शेवटच्या अक्षरावर. म्हणून जर्मानिकमध्ये दुसऱ्या क्व चा मऊ 'ग्व' झाला, आणि तो पुढे व होऊन विरघळला. जुन्या इंग्रजीत ह्वेओलच्या जोडीला 'ह्वेओगोल' आणि 'ह्वेओवोल' अशी रूपंही सापडतात. जाता जाता पकडला गेलेला ग. ग्रीकमध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे, म्हणजे हा शब्द दोन्ही तऱ्हांनी बोलला जात असावा. इंग्रजी शब्दातला हरवलेला क शोधायला वेदपाठ्यांनी तोंडी जपलेला स्वर उपयोगी पडला.

गाडीवान

हे मात्र आवडलं. उद्या सकाळी ती ऋचा स्वरासकट म्हणेन.

वाटसरू

लेकीला सांगितलंत का शेवटी?

शब्दवेडी

सांगितलं. चांदण्या वगळून, चिंचेसकट. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, थोडा वेळ 'चाक, चक्र, चिंच' असं पुटपुटत बसली. मग वहीत व्हील लिहिलं, के डब्ल्यू ई ई एल, आणि म्हणाली, "हे जास्त जुनं आहे, याला दोन मार्क मिळायला हवेत."